पास न झालेला फोटो

पगारे मॅडमना कुणी त्यांच्या कॅमेऱ्याबद्दल विचारलं, की त्या आधी त्याचे दोष सांगायच्या. समोरच्याने बिचाऱ्याने सहज म्हटलेलं असायचं, छान आहे हो तुमचा कॅमेरा. मॅडम लगेच सुरू. याला झूम नाही. याला डोळा लावून बघायची खिडकी नाही, आणि मागचा पडदा उन्हात काळाठिक्कर पडतो. बॅटरी मरतुकडी. अंधार पडला की फोकस चाचपडत बसतो. आत धूळ गेली तर भिंग काढून पुसता येत नाही, कारण भिंग निघतच नाही, सर्व्हिस सेंटरला पाठवा आणि महिनाभर वाट बघा. एवढं ऐकून समोरचा त्यांचं सांत्वन करायच्या बेतात आला, की मॅडम पर्समधून ती साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी काळी डबी काढून म्हणायच्या, "पण सेन्सर बघा."

सेन्सर कुणाला दिसणार? उजेड टिपणारा तो भाग आत असतो. मग त्या समजावून सांगायच्या. मोबाइलचा सेन्सर म्हणजे वाटी, याचा म्हणजे परात. दोन्ही अंगणात ठेवल्या तर उजेड सारखाच पडतो, पण परातीत जास्त साठतो. मोठमोठे फोटोग्राफर गळ्यात धोंड बांधल्यासारखे जे कॅमेरे घेऊन फिरतात ना, त्यांच्यात असते तेवढीच परात या डबीत आहे. म्हणून माणसाच्या कातडीचा रंग खरा येतो, म्हणून पापणीचा केस न केस मोजता येतो. एवढ्यासाठी बाकीचे पाच दोष मी पदरात घेतले, असं म्हणून त्या डबी परत पर्समध्ये ठेवायच्या.

परवा माझ्या भाचीने फोनवर विचारलं, मावशी, कॅमेरा कुठला घेऊ? मी तिला दहा मिनिटं दोषच सांगत राहिले. शेवटी ती वैतागून म्हणाली, मावशी, तू घे म्हणतेयस की नको म्हणतेयस? मी हसले, फोन ठेवला आणि चहा गार होईपर्यंत मॅडमना आठवत बसले.

आमची ओळख भांडणातून झाली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत पाइपांवर बसवायचे व्हॉल्व्ह बनतात. मी तिथे डिस्पॅचला, म्हणजे माल गाडीत चढवून वेळेत रवाना करायचा, हे माझं काम. मॅडम इन्स्पेक्शनला, म्हणजे तो माल अडवायचा, हे त्यांचं काम, असं निदान माझं मत होतं. गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि मॅडम आपल्या टेबलावर एक एक नग हातात घेऊन, डोळ्याला भिंग लावून, निवांत. नापास नगाला लाल चिठ्ठी बांधायच्या. एकदा लाल चिठ्ठी लागली की मालकाच्या वडिलांनाही ती सोडवता येत नसे. मी नवीन होते, डोकं गरम होतं. एकदा मी तणतणत गेले आणि म्हटलं, मॅडम, केसाएवढा ओरखडा आहे, चालेल की.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "चालेल म्हणजे काय? चालेल हा शब्द ड्रॉइंगमध्ये कुठे लिहिलाय, मला दाखव."

मी पाय आपटत परत आले. पण दुपारी डबा खायच्या वेळी त्या स्वतःहून माझ्या शेजारी येऊन बसल्या, माझ्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीकडे बघितलं आणि म्हणाल्या, मीठ कमी आहे, बाकी पास. तेव्हापासून रोजच आम्ही एकत्र जेवायला लागलो. माझी भाजी पास व्हायला चार महिने लागले. माझं लग्न ठरलं तेव्हा नवरा मुलगा कंपनीच्या गेटवर मला भेटायला आला होता, तर मॅडमनी त्याला पाच मिनिटं उभं करून प्रश्न विचारले. नंतर मला म्हणाल्या, टॉलरन्समध्ये आहे. म्हणजे थोडंफार कमीजास्त आहे, पण चालण्याइतपत. चालेल हा शब्द त्यांनी तेवढ्यापुरता का होईना, चालवून घेतला, हे माझ्या नवऱ्याला मी अजून ऐकवते.

जेवायला आमच्यात तिसरी होती भागी. ती तयार झालेले नग केरोसीनमध्ये धुवायची, कंत्राटावर. राहायची बदलापूरच्या पुढे, बारवीच्या बाजूच्या डोंगरातल्या एका वाडीत. पहाटे निघून वाटेत दोन वाहनं बदलून ती यायची, आणि तरी आमच्यात सगळ्यात ताजीतवानी तीच असायची. मॅडमना ती अगंतुगं करायची. वाडीत सगळेच सगळ्यांना तसंच बोलतात. सुरुवातीला सुपरवायझर तिला ओरडला, तर मॅडमनीच त्याला गप्प केलं. हिने धुतलेल्या नगावर मला कधी एक कण सापडला नाही, म्हणाल्या, तिने मला काय वाट्टेल ते म्हणावं.

निवृत्त झाल्यावर मॅडमनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. उभा जन्म भिंगातून खोट शोधण्यात गेला, आता भिंगातून चांगलं काय ते बघते, हे त्यांचं म्हणणं. खरेदीला उल्हासनगरला मला घेऊन गेल्या. दुकानदार सिंधी, साठीचा, गोड बोलणारा. त्याने समोर पाच-सहा कॅमेरे मांडले. मॅडमनी पर्समधून घडी केलेलं वर्तमानपत्र काढलं, समोरच्या बंद दुकानाच्या शटरला चिकटपट्टीने लावलं, आणि प्रत्येक कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढून चारही कोपऱ्यांतली अक्षरं भिंगाने वाचायला सुरुवात केली. दोन तास. रस्त्यावरचे लोक थांबून ते वर्तमानपत्र वाचायला लागले. शेवटी दुकानदाराने हात जोडले. "मॅडमजी, लेना है कि पास करना है?" मॅडम म्हणाल्या, पास हुआ तो लूँगी. पाच दोष त्यांनी तिथेच त्याला मोजून दाखवले आणि मग तोच कॅमेरा घेतला. दुकानदाराने मला हळूच विचारलं, ये घर में भी ऐसी ही है क्या?

झूम नसण्याचा पहिला प्रसाद त्यांना मोरिवलीत मिळाला. त्यांच्या घराजवळच्या विहारात जयंतीला सगळ्या बायकांचा पांढऱ्या साड्यांत फोटो काढायचा होता. पन्नास-साठ बायका, तीन रांगा. मॅडम पुढे उभ्या राहिल्या तर दोन्ही टोकं कापली जात होती. एक पाऊल मागे, दोन पावलं मागे. मी ओरडले, मॅडम, गटार. तोपर्यंत त्या गुडघाभर आत. पांढरी साडी गेली, चप्पल गेली, पण हात वर होता आणि हातात कॅमेरा कोरडा. आणि बाईंनी तिथूनच, गटारात उभ्या राहून, तो फोटो काढला. बायका हसत होत्या, सगळ्या एकदम, म्हणून तो असा उतरला की काय सांगू. मागच्या रांगेतल्या एका आजीच्या नाकातल्या चमकीवर उजेड पडलेला दिसतो. अजून विहाराच्या भिंतीवर आहे तो.

आणि तरी मॅडमनी वर्षभरात ठेवलेले फोटो वहीच्या एका पानावर मावतील एवढेच. बाकीचे उडवायच्या. घरी गेल्यावर नव्हे, तिथल्या तिथे. फोटो काढला की पडदा डोळ्याजवळ नेऊन तो मोठा करून बघायचा, बुबुळावर फोकस आहे का तपासायचं, नसला की अंगठा दाबायचा, गेला. मी सांगायचे, अहो, राहू द्या की, जागा का अडते? त्यांचं एकच म्हणणं, रिजेक्ट माल टेबलावर ठेवला की तो कधी ना कधी चुकून पास मालात मिसळतो. कंपनीत हे खरंच असतं. 

एकदा डबा खाताना भागी मला म्हणाली, म्याडमला सांग, आमच्या बाचा एक फोटू काढ. बा म्हणजे तिचे वडील, गोमाबाबा. खूप थकले होते. घरात त्यांचा फोटोच नव्हता. भावाच्या मोबाइलमध्ये दोन-चार होते, तो मोबाइल ओढ्यात पडला. राहिला आधार कार्डावरचा, आणि त्यात आपण सगळेच कसे दिसतो ते आपल्याला माहीत आहे. मी निरोप दिला. मॅडमनी लगेच रविवार ठरवला.

थंडीचे दिवस होते. बदलापूरहून रिक्षा आणि पुढे अर्धा तास चढण. गोमाबाबा अंगणातच बसले होते. अंगाने वाळकी काठी, तोंडात खालचे दोन दात, आणि बोलणं सतत. नुसतं तोंडाने नाही, दोन्ही हातांनी. मॅडमना बघताच त्यांनी काहीतरी लांबलचक सांगायला घेतलं. मॅडमनी कॅमेरा रोखला, पण ऊन भर दुपारचं, पडद्यावर काही दिसेना. दोष क्रमांक दोन. मग त्यांना पडवीत घेतलं. तिथे उजेड कमी. अशा वेळी कॅमेऱ्यात एक आकडा वाढवायचा असतो, की फोटो झटकन निघतो, पण मग त्यात रव्यासारखे दाणे येतात. मॅडमना दाणे चालत नसत. आकडा कमी ठेवायचा, मग कॅमेरा जरा वेळ घेतो, आणि तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही. आता गोमाबाबा आणि हलायचं नाही! बाबा, एकच मिनिट, हात खाली, असं मॅडम म्हणायच्या, बाबा मान डोलवायचे आणि हात पुन्हा वर. अकरा फोटो काढले. अकराही हलले. मॅडमनी अकराही उडवले.

मी माझा मोबाइल काढला होता. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण मॅडमना नंतर याचंच सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी मला थांबवलं. परात इथे आहे ना, वाटी कशाला काढतेस, असं हसत म्हणाल्या. मीही ठेवला परत. तेवढ्यात बॅटरी संपली, जास्तीची घरी राहिली होती. मॅडमनी भागीला शब्द दिला, होळीनंतर येते, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवून असा फोटो काढते की बघत राहशील. भागीने आम्हाला तांदळाच्या भाकरी खायला घातल्या आणि आम्ही उतरलो.

होळीच्या आधीच गोमाबाबा गेले. झोपेत. भागी पंधरा दिवसांनी कामावर आली, आणि पहिल्याच दुपारी मला म्हणाली, "म्याडमला सांग, बाचा फोटू दे. कसा पण आसला तरी दे."

तिला वाटत होतं फोटो आहेत. तिने स्वतःच्या डोळ्यांनी अकरा वेळा कॅमेरा रोखलेला बघितला होता, तिला कसं वाटणार नाही? सांगते, एवढंच मी म्हटलं. संध्याकाळी मी मॅडमना फोन केला.  त्या म्हणाल्या, नीता, तिने एकच वस्तू मागितली होती गं. एवढ्या वर्षांत एकच.

दुसऱ्या दिवशी आम्ही उल्हासनगरच्या त्याच दुकानात. उडवलेले फोटो कधी कधी कार्डातून परत काढता येतात, त्यांच्यावर नवे फोटो बसले नसले तर. दुकानदाराने विचारलं, उसके बाद कितने खींचे? मॅडम म्हणाल्या, सतरा. तो माणूस खुर्चीत मागे टेकला. दूसरे लोग एक दिन में तीन सौ खींचते हैं, म्हणाला, आपकी कंजूसी काम आएगी. आणि त्याने कार्ड कॉम्प्युटरला लावलं. आम्ही बाकड्यावर बसलो. मॅडम पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दुपारपर्यंत अकरापैकी तीन परत आले. एकात वर कपाळ आणि खाली नुसता करडा पट्टा. दुसऱ्यात पडवीचा खांब आणि अर्धा कान. तिसरा पूर्ण होता. गोमाबाबा त्यात होते, पण हललेले. चेहरा मऊसर, पुसट, आणि उजव्या हाताच्या जागी धुरासारखा एक पट्टा. मॅडमनी तो बघितला आणि पर्सचा पट्टा पुन्हा बोटाला गुंडाळला. दुकानदार म्हणाला, टेन्शन मत लो. त्याने फोटो आपल्या मोबाइलवर घेतला, कुठल्याशा अ‍ॅपमध्ये टाकला, आणि मिनिटभरात आमच्यासमोर धरला. काय तो फोटो! सुरकुती न सुरकुती, डोळ्यांत चमक, दाढीचा केस न केस. मी तर म्हणाले, मॅडम, झालं काम.

मॅडमनी पर्समधून भिंग काढलं. मोबाइलवर धरलं. मग दुकानदाराला विचारलं, "ये दाँत किसके हैं?"

तो हसून म्हणाला, वो तो फ्री में लगा दिए. फोटोतल्या बाबांची बत्तिशी पूर्ण होती. मॅडमनी ते नाक बघितलं, कान बघितले, भिंग परत पर्समध्ये ठेवलं. फोटो पास आहे, मला म्हणाल्या, माणूस दुसराच आहे. आणि दुकानदाराला तो पुसट फोटोच छापून फ्रेम करायला सांगितला, मोठ्या आकारात, जसा आहे तसा. त्याने दोनदा विचारलं, पक्का? जन्मात पहिल्यांदा पगारे मॅडम नापास माल गेटबाहेर सोडत होत्या, आणि हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं. निघताना दुकानदार म्हणाला, घरवालों को मत बताना कि डिलीट किया था, क्या ज़रूरत है. मीही रिक्षात तेच म्हणाले. 

पुढच्याच आठवड्यात त्या नाशिकला मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. सामान बांधून झालं होतं. त्याआधीच्या रविवारी आम्ही वाडीवर गेलो. चढण चढताना मॅडम तीनदा थांबल्या, आणि तीनही वेळा फ्रेमवरचा कागद नीट केला. भागी दारातच होती. भाऊ आत कोयत्याला धार लावत होता. मॅडमनी कागद सोडला, फ्रेम तिच्या हातात दिली, आणि ती काही बोलायच्या आत उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. "भागी, माझं चुकलं. मी अकरा काढले होते, सगळे उडवले. मला चांगला हवा होता. हा एवढाच परत आला. हलला आहे. चेहरा नीट नाही, मला माहीत आहे."

भागी ऐकत नव्हती. ती फ्रेम उजेडाकडे वळवत होती. मग तिने आत हाक मारली, "दादा, ये इकडं. बा बोलतोय बघ."

भाऊ आला. हात कमरेला पुसले, बघितलं. "चिंबोरी दावतोय," म्हणाला, म्हणजे ओढ्यातला खेकडा. भागी म्हणाली, हो, तीच, सगळ्यांना सांगायचा ती. मग दोघं त्या धुरासारख्या पट्ट्यावरून वाद घालायला लागले, बा किती मोठी चिंबोरी दाखवतोय यावर. भाऊ म्हणाला, एवढी चिंबोरी कुठं नसते, म्हातारा थापाडाच होता. भागी हसली. हसता हसता तिचा चेहरा मोडला आणि ती फ्रेम छातीशी धरून रडायला लागली, मोकळी, आवाज काढून, जशी ती पंधरा दिवसांनी कामावर आली तेव्हाही रडली नव्हती. माझेही डोळे भरले. ते लपवायचं कारण नाही.

मॅडम उंबऱ्याबाहेरच होत्या. भागीचं रडणं ओसरेपर्यंत त्या हलल्या नाहीत. उडवलेल्या फोटोंबद्दल भागीने ना तेव्हा काही विचारलं, ना नंतर कधी माझ्याजवळ विषय काढला. मला वाटलं, आता मॅडम निरोप घेतील, उन्हं चढायच्या आत उतरू म्हणतील.

"त्या दिवशी ते मलाच सांगत होते गं," मॅडम म्हणाल्या. "अकरा वेळा सांगितलं त्यांनी. मी फोकस बघत होते, ऐकलंच नाही. काय झालं होतं त्या चिंबोरीचं?"

भागीने पदराने नाक पुसलं. फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली, भावाला पाणी आणायला सांगितलं, आणि बा रात्रीचा मशाल घेऊन ओढ्यावर गेला होता तिथपासून सुरुवात केली. मॅडमनी चपला काढल्या, आत आल्या, आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या.